साताची चाल, चाराची टाच

शालीकरामनं आयुष्यात सगळ्यात जास्त वेळ काय पाहिलं असेल, तर ते बायकोचं तोंड नव्हे आणि धानाची बांधीही नव्हे. शाहीर सेवकरामची डावी टाच. अडतीस वर्षं पाहिली. तीही रात्र रात्रभर, पापणी न लववता.

खडी गंमत हा उभ्यानं करायचा खेळ. पुढे शाहीर डफ घेऊन गाणार, त्याच्या मागे ढोलकीवाला, आणि त्याच्याही मागे, उजेड जिथे संपतो तिथे, तुणतुणेवाला. तुणतुणं म्हणजे तरी काय? एक लाकडी डबा, खालून कातडं मढवलेला. बाजूला काठी, काठीला खुंटी, आणि खुंटीपासून कातड्यापर्यंत ताणलेली एकच तार. त्या तारेवर लाकडाच्या काडीनं टुण टुण करत राहायचं. शाहीर धावला की धावायचं, थांबला की थांबायचं. आता मागे उभ्या माणसाला शाहिराचं तोंड दिसत नाही, आणि सेवकरामच्या मफलरीमुळे मानही दिसत नसे. पण सेवकराम नवी ओळ उचलणार असला, की गळ्याच्या आधी त्याची डावी टाच तांदळाच्या दाण्याएवढी वर उठायची. शालीकरामला तेवढं पुरे होतं. मोजणं म्हणून त्यानं कधी केलंच नाही. जे काही मोजायचं ते टाच मोजायची.

त्या टाचेच्या भेगा त्याला इतक्या पाठ झाल्या होत्या, की एकदा कोण्या साहेबानं वैनगंगेचा नकाशा पसरला, तर हा म्हणाला, “साहेब, वाघ नदी जराशी वरून मिळवा. शाहिराच्या टाचेत ती वरून येते.” साहेब जीप घेऊन नदीवर गेला, आणि परत आला तो थेट सेवकरामच्या पाया पडला. सेवकरामला वाटलं, आपलं गाणं आवडलं.

तारेचंही तसंच. सालेकसाच्या गंमतीत एकदा पहाटे ती तुटली, तर तिकडे आमगावच्या अलीकडे मालगाडी उभी राहिली. ड्रायव्हरला वाटलं, आपल्याच इंजिनाचं काहीतरी गेलं. दोन तास शोधत होता बिचारा.

तर अशी ही जोडी. तीन वर्षांपूर्वी सेवकरामचा गळा बसला, डॉक्टरनं गाणं बंद केलं, आणि पट्टा निसटलेल्या धानगिरणीसारखा घरघर आवाज तेवढा राहिला. गंमत बंद पडली. तुणतुणं भिंतीवर गेलं. आणि तेव्हा कुठे शालीकरामच्या लक्षात आलं, की अडतीस वर्षांत आपलं तुणतुणं एकटं असं कधी वाजलंच नाही. त्याच्यावर कायम कोणाचा तरी आवाज होता. एकट्याचं ते कसं लागतं, हे वाजवणाऱ्यालाच ठाऊक नाही! घरी वाजवून पाहावं, तर सुमित्राबाई आतून ओरडायची, “ठेवा ते! गाय दूध चोरून राहिली.”

यंदा धान मळून झालं आणि गोवर्धन गुरुजींची नीतू आमगावात आली. ही पोरगी आधी नागपुरात आणि मग पुण्यात संगीत शिकलेली. ती एके दिवशी सकाळीच शालीकरामच्या अंगणात येऊन बसली.

“काकाजी, मी एक रचना लिहिली. तुमच्या तुणतुण्यासाठी.”

“बरं. गाते कोन?”

“कोनीच नाही गात.”

“मंग मी कोनाच्या मागे उभा राहू?”

“कोनाच्याच नाही. तुमी पुढे. बाकी तिघं तुमच्या बाजूले.”

शालीकरामनं मागे वळून पाहिलं. आपल्या पाठीमागे दुसरा कोणी शालीकराम उभा आहे की काय, याची खात्री करून घेतली.

नीतूनं सगळं समजावून सांगितलं. एक व्हायोलिन, एक चेलो, तिची स्वतःची पेटी आणि हे तुणतुणं. चारच माणसं, समोर शे-दीडशे ऐकणारे, लाउडस्पीकर नाही. आणि चाल तिनं बांधली होती ती कॉलेजात ऐकलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या वळणानं. बाजूच्या ओट्यावर सेवकराम ऊन खात बसला होता. तो घरघरला, “ते काय असते वो?”

“रॉकच असते, शाहीर, जरा पुढं गेलेलं. पन गानं तीन मिनिटात नाही संपत. वीस-वीस मिनिटं चालते. मधीच ताल बदलते, चाल बदलते, एखादा जन एकटाच वाजवत सुटते.”

“वीस मिनिटं?” सेवकराम म्हणाला. “आमचा गण व्हायले तेवढं लागते. रातभर चालत नाही, त्याले काय पुढं गेलेलं म्हनावं!”

“आनि काकाजी,” नीतू शालीकरामकडे वळली, “मधी एक जागा आहे. तिथं आमी तिघं थांबतो. तिथं फक्त तुमी.”

“फक्त मी म्हनजे?”

“एकटं तुणतुणं.”

शालीकरामनं भिंतीवरून तुणतुणं काढलं, पंच्यानं पुसलं आणि फक्त एवढंच विचारलं, “कवा?”

“पुढच्या रविवारी. पाच वाजता.”

जागा ठरली होती चंद्रकुमार सेठच्या बंद राईस मिलच्या गोदामाची. वर टिनाचं उंच छप्पर, खाली गुळगुळीत फरशी, आणि तीन भिंतींना छतापर्यंत रचलेला रिकाम्या पोत्यांचा बारदाना. सोमवारी दुपारी तालमीला सगळे जमले. व्हायोलिनवाली स्नेहल भंडाऱ्याची, फार बोलत नसे. चेलोवाला भुपेंद्र रायपूरचा, केस खांद्यापर्यंत, तोंडात हिंदी. त्यानं खोळीतून चेलो काढून दोन्ही गुडघ्यांत धरला. सुमित्राबाई चहाची किटली घेऊन आली होती. ती हळूच म्हणाली, “बाप्पा! व्हायोलिनची माय होय का हे?”

शालीकरामला खुर्ची दिली, ती त्यानं सरकवली. उभ्याचा खेळ बसून कसा करायचा? मग नीतूनं चाल सांगितली. सात मात्रांची. तीन आणि चार, तीन आणि चार. तिनं टाळ्या वाजवून दाखवली, शालीकरामनं मान हलवली, आणि वाजवायला सुरुवात झाली.

दोन आवर्तनं नीट गेली. तिसऱ्याला तुणतुणं भलतीकडेच निघालं. नीतू थांबली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिघं एका वाटेनं आणि तुणतुणं दुसऱ्या वाटेनं. आणि गंमत अशी, की ते अडखळत नव्हतं, चुकत नव्हतं. अगदी ठामपणे, स्वच्छपणे भलतीकडे चाललं होतं. सालेकसाची गाडी पकडायची आणि गोंदियाच्या डब्यात ऐसपैस बसायचं, तसं.

मंगळवारी तेच झालं, बुधवारीही तेच. सेवकराम रोज येऊन दारापाशी बारदान्यावर बसायचा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

“शाल्या,” तो बुधवारी म्हणाला, “तुले पुढे उभं राहाचं होतं ना? पुढे हवा लई लागते बावा.”

“तुमी चूप बसा. डॉक्टरनं काय सांगतलं?”

“गायले मना केलं. हासाले नाही.”

गुरुवारी नीतूनं त्याला बाजूला घेतलं. तिचाही आवाज उतरला होता. “काकाजी, वाईट वाटून घेऊ नका. शनिवारपर्यंत बसलं तर बसलं. नाही तर पहिल्या दिवशी मी तुमच्या तारेचा एकेक सूर रेकॉर्ड केला आहे. लॅपटॉपवरून लावीन. वाजेल तुमचंच तुणतुणं.”

“म्हनजे तुणतुणं माझं, आनि मी नाही?”

“तुमी बसून ऐका ना.”

“डब्यातल्या तारेले आइकू? ते मी घरी बसून आइकतो!” शालीकराम म्हणाला खरा, पण त्या दिवशी घरी जाताना तुणतुणं त्यानं पंच्यात गुंडाळून काखेत नेलं, बाजारातून काही लपवून आणावं तसं. एकटं तुणतुणं जगात पहिल्यांदा वाजणार, शे-दीडशे लोकांसमोर वाजणार, आणि ते एक यंत्र वाजवणार. जेवणात त्यानं मीठ आहे की नाही, हेही सांगितलं नाही. सुमित्राबाईनं त्यावरूनच ओळखलं.

शुक्रवारी ती चहा ठेवून परत गेली नाही. दारापाशी, सेवकरामच्या बाजूला उभी राहिली आणि वाजवणाऱ्यांकडे पाहत राहिली. दोन आवर्तनं झाली, तिसऱ्याला तुणतुणं घसरलं, नीतूनं कपाळाला हात लावला, आणि सुमित्राबाई जागेवरूनच म्हणाली,

“अवो, तुमी त्या पोट्ट्याच्या पायाकडे काऊन पाहून राहिले?”

सगळ्यांनी भुपेंद्रच्या पायाकडे पाहिलं. भुपेंद्रनंही पाहिलं. चेलोच्या बुडाशी त्याचा डावा पाय होता. काळ्या बुटातला. आणि तो पाय, वाजवणं थांबलं तरी, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, असा आपल्याच नादात टाच आपटत होता.

“अरे,” भुपेंद्र म्हणाला, “ये तो बचपन से ऐसा ही है. हाथ में सात हो, पाँच हो, पैर मेरा चार में ही चलता है. कंट्रोल में नहीं है, काकाजी.”

शालीकरामचे कान लाल झाले. “मले कोनाच्या तरी टाचेकडे पाहाले लागते,” तो फरशीकडे बघत म्हणाला. “सवयच तशी. ह्या पोरीची साडीत झाकली, त्या पोरीची हालतच नाही. उरली ह्याची. प्रामानिक वाटली.”

सेवकराम हसला नाही. ती त्या आठवड्यातली पहिली वेळ.

नीतू मात्र पेटीवरून उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत काहीतरी सुरू झालं होतं. ती बोटांवर मोजायला लागली, मग खडूच्या तुकड्यानं फरशीवर रेघा ओढायला लागली. वर सात-सातच्या, खाली चार-चारच्या. “थांबा, थांबा. काकाजी चुकत नाहीत. आपण साताची चाल धरतो, ते भुपेंद्रच्या पायाचे चार धरतात. दोन्ही वेगळी सुटतात. पण हे बघा. साताच्या चार ओळी, चाराच्या सात ओळी. अठ्ठावीस. अठ्ठावीस झाले की दोघं पुन्हा एकाच जागी! आपण तिसऱ्या ओळीलाच थांबत होतो. घरी पोचायच्या आधीच गाडी उलटी फिरवत होतो!”

“म्हनजे बरोबर होतं?” शालीकरामनं विचारलं.

“बरोबर नव्हतं. पण माझ्या लिहिण्यापेक्षा बरं होतं.”

त्यांनी न थांबता वाजवलं. तुणतुणं तिसऱ्या ओळीला आपल्या वाटेनं निघालं, बाकीच्यांनी त्याला जाऊ दिलं, आणि अठ्ठाविसानंतर चौघं असे एका ठोक्यावर येऊन उभे राहिले की बारदान्यातून धुळीचा एक ढग उठला. स्नेहल पहिल्यांदा काहीतरी बोलली. “परत,” म्हणाली.

शनिवारपर्यंत सगळं बसलं. एकट्या तुणतुण्याच्या जागेचाही बंदोबस्त झाला. तिथे चेलो थांबणार होता, पण भुपेंद्रचा पाय चालूच राहणार होता, आवाज येऊ नये म्हणून अनवाणी. अठ्ठावीस ठोके शालीकराम एकटा, आणि एकोणतिसाव्याला स्नेहलचं व्हायोलिन. नीतूनं लॅपटॉप पिशवीत घातला. “रविवारी याला आणतच नाही,” ती म्हणाली.

आता रविवारची गोष्ट. लोकांना बसायला जागा हवी, म्हणून चंद्रकुमार सेठनं सकाळी माणसं लावून सगळा बारदाना बाहेर काढला. गोदाम मोकळं झालं. छप्पर एकदम दुप्पट उंच वाटू लागलं. आणि त्या बारदान्यात पिढ्यान् पिढ्या राहणारा एक उंदीर बेघर झाला. उंदीर म्हणायचं ते आपलं सवयीनं. गिरणी चालू होती तेव्हापासून एचएमटी जातीच्या तांदळावर पोसलेला तो जीव. त्याला पाहून मांजरं रस्ता सोडत, आणि एकदा तर सेठच्या चौकीदारानं अंधारात त्याला बकरीचं पिल्लू समजून दावणीला बांधलं होतं.

पाच वाजता गोदाम भरलं. गुरुजी, मास्तर, नागपूरचे दोन पाहुणे, बांधीवरून तसेच आलेले लोक. पुढच्या रांगेत खुर्चीवर सेवकराम, धुतलेला सदरा घालून, पायांत नव्या चपला. त्याच्या बाजूला सुमित्राबाई. शालीकराम मधोमध उभा राहिला. त्याच्या पुढे कोणी नव्हतं. नुसती लोकांची तोंडं होती, आणि इतकी तोंडं त्यानं आयुष्यात कधी समोरून पाहिली नव्हती. त्यानं नजर खाली घातली आणि भुपेंद्रची अनवाणी टाच शोधली. होती. चालू होती.

सुरुवात झाली. सात सुटले, चार सुटले, लांब गेले आणि परत येऊन भेटले. दुसऱ्यांदा भेटले तेव्हा मागच्या रांगेतला एक म्हातारा “व्वा” म्हणाला, आणि त्याला कोणी गप्प केलं नाही. मग पेटी थांबली, व्हायोलिन थांबलं, चेलोचा शेवटचा सूर विरला. ती जागा आली.

शालीकरामनं टाचेकडे पाहून पहिला ठोका दिला. दुसरा दिला. आणि नेमका तेव्हाच तो बेघर जीव खुर्च्यांखालून निघाला आणि भुपेंद्रच्या पायावरून, सावकाश, घरच्यासारखा चालत गेला.

भुपेंद्र ओरडला नाही, हे त्याचं मोठेपण. पण दोन्ही पाय त्यानं असे वर घेतले की खुर्चीच्या दांडीवरच नेऊन ठेवले, आणि ते तिथे थिजले. टाच गेली.

तिसरा ठोका शालीकरामच्या हातात अडकला. नीतूचे पाय साडीत. स्नेहलचे हलत नाहीत. त्याची नजर फरशीवरून सरपटत पुढच्या रांगेपर्यंत गेली आणि तिथे थांबली. सेवकरामची डावी टाच. नव्या चपलेतून निम्मी बाहेर आलेली. तीच नदी, तीच वाघ. अडतीस वर्षांची ओळख. शालीकरामला एवढं हायसं वाटलं की त्यानं वर सेवकरामच्या तोंडाकडे पाहिलं.

सेवकराम त्याच्याकडेच बघत होता. सगळं त्याला कळलं होतं. आणि त्यानं शांतपणे, काही घाई न करता, डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला आणि त्याच्यावरून धोतराचा सोगा सोडला.

शालीकरामच्या अंगात एक तिडीक उठली. ‘बुढ्या,’ तो मनात म्हणाला, आणि त्या रागातच तिसरा ठोका पडला. जरा जोरात पडला. तो वर गेला, टिनाच्या छपराला लागला आणि एका क्षणानं परत खाली आला. बारदान्यानं आठवडाभर गिळून टाकलेला तो आवाज आता गोल होऊन, थोडा उशिरा, अंगावर आला. शालीकराम थबकला. त्यानं पुढचा ठोका दिला आणि तो परत यायची वाट पाहिली. आला. मग पुढचा. तारेचा सूर वर जायचा, वर थोडं काहीतरी करायचा आणि येताना एकटा यायचा नाही, सोबत बारीक असं काहीतरी घेऊन यायचा. शालीकराम मोजत नव्हता. चारही नव्हते, सातही नव्हते. एक सूर गेला, तो आला, की मग दुसरा. मधल्या वेळात तो मान वर करून उभा होता. आपल्या वाद्याचा आवाज हा असा आहे तर. जरासा चिरका. शेवटाला गोड. म्हाताऱ्या बाईनं नाव घेऊन हाक मारावी तसा.

अठ्ठावीस ठोके कधीच उलटून गेले होते. स्नेहलनं गज उचलला, तर नीतूनं नुसत्या डोळ्यांनी तिला थांबवलं. भुपेंद्र पाय वर घेऊन बसला होता, बसलाच राहिला. शालीकरामनं एक शेवटचा ठोका दिला, तो छपराकडे गेला, आणि परत यायच्या आधीच त्यानं स्नेहलकडे पाहून मान हलवली. तिचं व्हायोलिन त्या परतणाऱ्या सुरातच मिसळलं.

किती मात्रा भरल्या, ते नीतूनं नंतर मोबाइलच्या रेकॉर्डिंगवर मोजलं. आणि किती भरल्या, ते कोणालाच सांगितलं नाही. कागदावर तेवढी जागा कोरी सोडली.

सगळं संपल्यावर बाहेर काढलेल्या बारदान्याशेजारी चहा झाला. पाहुण्यांनी शालीकरामचा हात हातात घेतला, गुरुजींनी खांद्यावर थोपटलं. तो माणसांतून वाट काढत सेवकरामपाशी गेला.

“पाय काऊन मागे घेतला गा?”

“गुडघा दुखून राहिला होता,” सेवकराम बशीतला चहा फुंकत घरघरला.

“खोटं बोलता.”

“नवी चप्पल चावली मंग.”

“शाहीर...”

“हे पाह्य,” सेवकरामनं बशी खाली ठेवली. “अडतीस वर्षं मी पुढे गायलो. मागे काय वाजते ते मले कधी आइकूच आलं नाही. माझाच आवाज माझ्या कानात. आज समोरची खुर्ची भेटली होती, तेही फुकटात. म्हटलं, आइकून घेऊ. तुले टाच देल्ली असती, तर तू पुन्हा माझंच वाजवलं असतं.” आणि तो एकदम उठला. “जा आता. लोकं तुले पाहून राहिले. माझ्याजवळ काय उभा राहिला!”

घराकडे जाताना शालीकराम आणि सुमित्राबाई शेताच्या बांधावरून निघाले, तो पुढे, ती मागे. कापलेल्या धानाच्या धसकटांत दोन सारस उभे होते, माणसं आली म्हणून हलले नाहीत. मग शालीकरामनं, दुसरीकडे बघत, विचारलं,

“कसं वाजलं?”

“चांगलं वाजलं.”

“पन?”

“पन काय? मधी मधी थांबत होते, तवा मले वाटलं, विसरले बिचारे.” सुमित्राबाई दोन पावलं चालली. “मंग तुमचं तोंड पाहलं. म्हटलं, नाही. हा मानूस आइकून राहिला.”

बांध जिथे रुंद झाला तिथे शालीकराम पुढे जायचा थांबला, तिला येऊ दिलं आणि तिच्या बाजूनं चालू लागला.